दिवाळीत घरी पोकर: तीन पत्तीवाल्या मित्रांना बसवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठ जण जमणार, दोघांना पोकर येतं, बाकी सहा जण पक्के तीन पत्तीवाले. ५०० चिप्सची पेटी कुणीतरी भेट दिलेली पडून आहे. पैसे लावावेत की नाही यावर घरात दोन तट पडलेत, आणि सासूबाईंचं म्हणणं सणासुदीला घरात जुगार नको. पैशांपासूनच सुरुवात करते, कारण ते मिटलं की उरते ती नुसती मांडामांड.

रोख लावू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्याचा मुख्य रोख अड्डा चालवून त्यातून कमाई करणाऱ्यांवर असला, तरी पोकरला कौशल्याचा खेळ म्हणून सूट मिळेल या भरवशावर राहू नका. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला जुगारातच बसवलं होतं. पण माझं खरं कारण कायद्याचं नाही. आठ मित्रांत पाचशे रुपये सगळ्यांना सारखे नसतात. एकाला ते पार्किंगचे पैसे वाटतात, दुसरा घरी जाताना गाडीत गप्प बसतो. त्यातून लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच पाकीट हलकं करून घरी गेलं की पुढे वर्षभर काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मात्र पणाला काहीच नसेल तर पोकर चालत नाही, हेही तितकंच खरं. फुकटच्या चिप्स असल्या की तिसऱ्याच डावात कुणीतरी हसत हसत सगळ्या पुढे ढकलतो, "बघू या की!" म्हणतो, आणि मग सगळेच तसं करायला लागतात. हरायची थोडी तरी धास्ती हवी, नाहीतर थापेला कोण घाबरणार? थापेची भीती गेली की उरतं ते पत्ते उलटून बघणं.

आमच्याकडे यावर फराळाचे डबे लावतो. प्रत्येक घराने आपल्याकडचा जो पदार्थ सगळ्यात चांगला होतो त्याचा एक डबा आणायचा, झाकणावर नाव घालून. आठ डबे खेळाच्या टेबलावरून दिसतील असे मांडायचे. शेवटपर्यंत टिकेल त्याने आधी डबा निवडायचा, मग दुसऱ्या क्रमांकाने, असं करत करत सगळ्यात आधी बाहेर पडलेल्याला उरेल तो. कुणाच्या तरी आईचे अनारसे पहिल्याच निवडीत जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ऐन वेळी दुकानातून उचललेला मक्याचा चिवडा शेवटपर्यंत तिथेच राहणार हेही. या दोहोंमध्ये जे अंतर आहे तेवढ्यावर माणसं तीन तास जीव तोडून खेळतात. रिकाम्या हाताने कुणी परत जात नाही. आणि पाचव्या क्रमांकालाही चौथा व्हावंसं वाटतं. बक्षीस फक्त पहिल्या दोघांना असलं की ही चुरस राहत नाही.

सासूबाईंसाठी एक मुद्दा हाताशी ठेवा. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे, आणि त्या दिवशी शिव-पार्वती सोंगट्या खेळले व पार्वती जिंकली अशी कथा आहे. कोजागरीच्या व्रतातही रात्र जागवून फासे खेळायला सांगितलंय. म्हणून खेळ पाडव्याला ठेवा असं मात्र म्हणणार नाही. त्या संध्याकाळी ओवाळणी असते, सासर-माहेर असतं, आठातले तीन जण येणारच नाहीत. नरकचतुर्दशीची आदली रात्रही नको, पहाटे कुणी उठणार नाही. तुम्ही निवडलेली लक्ष्मीपूजनाची रात्रच बरी. पूजा आटोपते, स्वयंपाकघर थंडावतं, पोरं खाली फटाक्यांत असतात.

इथे पोकर म्हणजे टेक्सस होल्डेम: प्रत्येकाच्या हातात दोन बंद पत्ते, मधोमध सगळ्यांसाठी पाच उघडे, आणि या सातांतून ज्याचे पाच सगळ्यात चांगले तो जिंकतो. आता तुमचे सहा तीन पत्तीवाले. त्यांना नवशिके समजू नका. पैज वाढवणं, समोरच्याचा चेहरा वाचणं, थाप मारणं हे त्यांना तुमच्या दोन पोकरवाल्यांपेक्षा जास्त येत असेल. अडचण होते ती हाताला लागलेल्या सवयींची.

पहिली सवय क्रमाची. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारे पत्ते) कलरच्या (सगळे एकाच चिन्हाचे) वर, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. हे नुसतं सांगितलं तर रात्रभर वाद होतो, म्हणून कारण सांगा. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तो वर. पाच पत्त्यांत एकूण प्रकार २५,९८,९६०, त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. इथे कलर दुर्मीळ होतो, म्हणून क्रम उलटतो. आकडे ऐकले की हिशेबी माणसं गप्प होतात. (याच हिशेबाने तीन पत्तीत सगळ्यात वरची ट्रेल, म्हणजे तीन सारखी, ५२ प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच चिन्हाचा सिक्वेन्स, फक्त ४८ प्रकारे, म्हणजे प्युअर सिक्वेन्स वर असायला हवा होता. पण हे त्या रात्री काढू नका, तीन पत्तीवाल्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.) एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत दुसऱ्या क्रमांकाचा सिक्वेन्स असतो. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सगळ्यात खालचा. आणि पोकरमध्ये इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सगळे सारखे. "माझा कलर इस्पिकचा आहे" याला काही किंमत नाही.

क्रम मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दोन प्रती टेबलावर ठेवा. खालून वर: मोठं पान, जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस (तीन सारखी अधिक जोडी), चार सारखी, प्युअर सिक्वेन्स. रॉयल फ्लश म्हणजे दहापासून एक्क्यापर्यंतचा प्युअर सिक्वेन्स, त्याला वेगळी ओळ नको. नावं शक्य तितकी तीन पत्तीचीच वापरा, लोक पटकन रुळतात.

दुसरी सवय ब्लाइंडची. तीन पत्तीत ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघता, खेळणं ही मर्दुमकी; पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे डीलरच्या (पत्ते वाटणाऱ्याच्या) डावीकडच्या दोघांनी सक्तीने भरायचा पैसा, एकाचा छोटा, दुसऱ्याचा मोठा. पत्ते बघायची कुणालाच मनाई नाही. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी "मी ब्लाइंड खेळतो" म्हणत पत्ते न उचलता बसणार. खेळू द्या, अर्ध्या तासात उचलायला लागतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची: डाव चालू असताना खिशातून किंवा पेटीतून नवीन चिप्स येत नाहीत. समोर आहे तेवढंच लावायचं, आणि ते सगळं लावून संपलं की ऑल इन होऊन शांत बसायचं. इथेच साइड पॉटचा, म्हणजे बाजूला करायच्या दुसऱ्या ढिगाचा, घोळ होतो. ॲपवर शिकलेल्यांनाही तो हाताने मांडता येत नाही, कारण ॲप सगळं आपोआप करायचं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांची ती ॲप्स बंद झाली, आणि तिथे तयार झालेले बरेच खेळाडू आता मित्रांच्या घरी पहिल्यांदाच हाताने पत्ते वाटतायत. तर उदाहरण घ्या. तिघे ऑल इन आहेत: एकाकडे १,०००, दुसऱ्याकडे २,५००, तिसऱ्याकडे ४,०००. प्रत्येकाचे १,००० घेऊन ३,००० चा मुख्य ढीग करा, त्यावर तिघांचाही हक्क. उरलेल्या दोघांचे १,५००-१,५०० घेऊन ३,००० चा दुसरा ढीग, त्यावर फक्त त्या दोघांचा हक्क. तिसऱ्याचे वरचे १,५०० कुणी भरलेच नाहीत, ते लगेच परत द्या. निकाल लावताना दुसरा ढीग आधी, मुख्य नंतर. ढीग टेबलावर हातभर अंतरावर ठेवा, नाहीतर बोलता बोलता एकत्र होतात.

चौथी, पत्ते टाकायची. तीन पत्तीवाल्याला पत्ते टाकणं हा पळपुटेपणा वाटतो. आठ जणांच्या टेबलावर दहापैकी सात वेळा तरी टाकायचेच असतात, हे त्यांना आधीच सांगा. हातात एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. घरगुती वेगाने तासाला वीसेक डाव होतात, तेव्हा बहुतेकांना ती रात्रभर दिसणारही नाही. तिची वाट बघत बसू नये, आणि आली नाही म्हणून रडूही नये.

साइड शो, म्हणजे शेजाऱ्याशी गुपचूप पत्ते ताडून बघणं, नाही. शेवटी पत्ते उघडे मांडायचे, आणि तोंडाने कुणी काहीही म्हणो, मांडलेले पत्ते जे सांगतील ते खरं. सात पत्त्यांतून सगळ्यात चांगले पाच, हे नवख्याला लवकर दिसत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून बघायला हरकत नाही. पण हे डाव संपल्यावरच. डाव चालू असताना मागे उभं राहून "अहो, राणी कशाला टाकताय" म्हणणाऱ्या जोडीदारांना बंदी. हा नियम प्रेमाने पण आधी जाहीर करा.

चिप्सचा हिशेब सोपा आहे. प्रत्येकाला ५,०००: पंचवीसच्या ८, शंभरच्या ८, पाचशेच्या ४, हजारच्या २. आठ जणांच्या मिळून १७६ चिप्स जातात, पेटीत भरपूर उरतात. चिप्सवर आकडे छापलेले नसतील तर कुठला रंग कितीचा हे पुठ्ठ्यावर लिहून मधोमध ठेवा. ब्लाइंड दर वीस मिनिटांनी वाढवा (आधी छोटा, मग मोठा): २५-५०, ५०-१००, ७५-१५०, १००-२००, मग जेवणाची सुट्टी आणि पंचवीसच्या चिप्स बदलून बाद. पुढे २००-४००, ३००-६००, ४००-८००, ५००-१,०००, १,०००-२,०००. टेबलावर एकूण ४०,०००, आणि कुणी परत खेळात आलं (ते खाली सांगते) तर थोडे जास्त, एवढेच असल्यामुळे शेवटच्या टप्प्यावर दोघांतिघांतच फैसला होतो. सुट्टी धरून सव्वातीन-साडेतीन तास. साडेआठला लोक आले, अर्धा तास पत्ते उघडे ठेवून सरावाचे डाव खेळले आणि नऊला खरा खेळ सुरू केला, तर साडेबाराला डबे वाटून मोकळे. ब्लाइंड वाढवायला लाजलात तर पहाटे तीनपर्यंत दोन थकलेले लोक खेळतायत आणि सहा जण मोबाईल बघतायत, असं दृश्य होतं. फोनचा गजर लावा, तो वाजला की पुढच्या डावापासून नवा दर. यावर चर्चा नाही.

शेवटी दोघे उरले की डीलरचं बटण (दर डावाला पुढे सरकणारी, डीलरची जागा दाखवणारी खूण; पत्ते प्रत्यक्षात कुणीही वाटो) ज्याच्याकडे तोच छोटा ब्लाइंड भरतो. पैजेच्या पहिल्या फेरीत आधी तो बोलतो, पुढच्या फेऱ्यांत नंतर. हे बऱ्याच जुन्या खेळाडूंनाही माहीत नसतं.

टेबल: आठ जणांना डायनिंग टेबल अपुरं पडत असेल तर सरळ खाली गाद्या घाला. चाळिशीपुढचे गुडघे तीन तास मांडी घालून बसत नाहीत, म्हणून लोड-तक्के भरपूर हवेत. टेबलावर खेळणार असाल तर त्यावर सोलापुरी चादर दुहेरी घडीने पसरा. सनमायक्यावरून पत्ता नखाने उचलावा लागतो आणि उचलताना शेजाऱ्याला दिसतो. जाड चादरीवर तो प्रश्न येत नाही, चिप्सचा खणखणाटही खालच्या मजल्यावर जात नाही.

पत्ते पूर्ण प्लास्टिकचे घ्या, वेगळ्या पाठीचे दोन जोड. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार ठेवायचा, तासाला चार-पाच डाव वाढतात. कागदी पत्त्यांना दिवाळीत चकलीचं तेल लागलं की तासाभरात एक्के पाठीवरूनच ओळखू येतात. प्लास्टिकचे ओल्या फडक्याने पुसता येतात. तरीही खेळाच्या टेबलावर फराळ नकोच. बाजूच्या स्टुलावर वाट्या आणि चमचे ठेवा. चिवडा चमच्यानेच. बेसनाचा लाडू फक्त सुट्टीत, तो भुरभुरतो. शंकरपाळे चालतात, पण ते कुणी पैजेत मांडू लागलं तर वेळीच थांबवा.

जेवायला एकच पदार्थ, आणि तोही दुपारी करून ठेवलेला. पावभाजी उत्तम. यजमानीण तव्यापाशी उभी आणि बाकीचे खेळतायत असं व्हायचं असेल तर पार्टी ठेवूच नका. पाव सुट्टीत सगळ्यांनी मिळून भाजायचे.

राहिला तो सगळ्यात आधी बाहेर पडणारा. तो साधारण दहाच्या सुमाराला पडतो आणि पुढे अडीच तास त्याने काय करायचं, याचा विचार आधी करायला हवा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रत्येकाला एकदा परत यायची मुभा द्या. नव्या ५,००० चिप्स मिळतात, त्याबदल्यात डबा निवडण्याच्या क्रमात तो एक जागा मागे. त्यानंतर जो पहिला बाहेर पडेल तो कायमचा डीलर: पत्ते तो वाटणार, ढीग तो सांभाळणार, वादात निकालही तोच देणार. हे अधिकार मिळाले की माणूस हरल्याचं विसरतो. दुसरा पडला की गजर आणि ब्लाइंडचा तक्ता त्याच्याकडे. तिसरा-चौथा पडेपर्यंत मुलंही वर आलेली असतात. त्यांच्यासाठी तिसरा जोड काढून बदाम सात सुरू करा. आमच्याकडे कधीकधी त्या कोपऱ्यातला आरडाओरडा मुख्य टेबलापेक्षा मोठा असतो, आणि टेबलावरचा एखादा मुद्दाम हरून तिकडे जातो की काय अशी शंका येते.