केंद्राचे तीन कृषी कायदे रद्द झाले, मग हापूस वाशीच्या बाजार समितीबाहेर विकता येतो का? आंब्याला हमीभाव मिळेल का?

विकता येतो, आणि त्या तीन कायद्यांशी याचा संबंध नाही. ते सप्टेंबर २०२० मध्ये आले, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात संसदेने मागे घेतले. महाराष्ट्राने मात्र १९६३ च्या आपल्या पणन कायद्यात बदल करून जुलै २०१६ मध्येच फळं-भाजीपाला नियमनमुक्त, म्हणजे बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला होता. बाजार आवाराबाहेर आंबा विकायला बाजार समितीचा परवाना लागत नाही, सेसही नाही. आवारात विकलात तर अडत (दलालाचं कमिशन) खरेदीदाराने द्यायची, बागायतदाराने नाही.

तरी पेट्या वाशीलाच का जातात? उचलीमुळे, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशामुळे. पावसाळ्यात कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाला द्यायचं औषध), मग मोहोरावरच्या फवारण्या, राखण, पेट्या या सगळ्याला आधी पैसा लागतो. तो दलालाकडून घेतला की माल त्याच्याच गाळ्यावर उतरवावा लागतो. अडत कागदावर दिसली नाही तरी भाव पाडून वसूल होऊ शकते, आणि देणेकऱ्याला बोलायला तोंड नसतं. म्हणून पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) पक्की मागा: गाळा नंबर, पेट्या, पेटीतले डझन, दर, हमाली, वाराई, भाडं, सगळं वेगवेगळं. अडत कापलेली दिसली तर बाजार समितीकडे लेखी तक्रार करता येते. कच्च्या चिठ्ठीवर ती टिकणं कठीण.

उचलीला पर्याय म्हणजे किसान क्रेडिट कार्डावरचं पीककर्ज: ३ लाखांपर्यंत ७ टक्के, वेळेत फेडलंत तर प्रत्यक्षात ४. आपल्याकडे घोडं अडतं ते सामाईक सातबाऱ्यावर. वीस नावं, त्यातले निम्मे चाकरमानी, दोन वारलेले. वारसनोंद आणि संमतिपत्रं गणपतीत सगळे गावी असताना उरकून घ्या. मोहोर आल्यावर धावाधाव करून काही होत नाही.

थेट विकणार असाल तर भौगोलिक मानांकनाचे (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) अधिकृत वापरकर्ते व्हा. हापूसचं मानांकन २०१८ चं, पालघर ते सिंधुदुर्ग पाच जिल्ह्यांसाठी. कार्बाइडने पिकवणं बेकायदा आहे. अढी घाला (गवतात रचून पिकवा), नाहीतर इथिलीनच्या खोलीत पिकवा.

हमीभाव मिळेल का, याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. यादीत भात आहे, खोबरं आहे, आंबा-काजू नाही. नाशवंत मालासाठी बाजार हस्तक्षेप योजना आहे, पण ती राज्याने मागावी लागते आणि आधीच्या सर्वसाधारण हंगामापेक्षा भाव किमान १० टक्के पडलेला असावा लागतो. हापूसचं दुखणं बहुतेकदा उलटं: अवकाळीने पीकच जातं, मग आहे त्याला भाव चढतो. तेव्हा ही योजना कामाची नाही.

म्हणून माझ्या मते हमीभावाच्या मागणीपेक्षा फळपीक विम्याकडे लक्ष द्यावं. भरपाई तुमच्या बागेच्या पंचनाम्यावर नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. केंद्र सड्यावर (डोंगरमाथ्याच्या कातळावर) आणि बाग खाडीकाठी असेल तर तापमानाचे आकडे जुळतीलच असं नाही. बंद केंद्राची तक्रार हंगाम चालू असतानाच लेखी द्या. गारपीट मात्र वेगळी: तिचं जादा संरक्षण घेतलेलं असेल तर ७२ तासांत कळवावं लागतं.