वाचकांचे प्रश्न : मागाचा आवाज आणि रीगाची टेप

प्रश्न : लॅटव्हियातल्या अँबियंट (संथ, वातावरण उभं करणाऱ्या) आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा नाद लागलाय. शेजारीच यंत्रमागाचा कारखाना आहे, त्याच्या आवाजातून तसं काही करायचंय, पण मोबाइलवर आवाज घेतला की नुसता गोंगाट येतो. चुकतं कुठे? आणि स्टुडिओ लागतोच का? – एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : स्टुडिओ लागत नाही. सोव्हिएत काळात तिथे रेकॉर्ड काढणारी कंपनी एकच, सरकारी ‘मेलोडिया’. राजधानी रीगातल्या ‘झोडियाक’ या गटाची सिंथेसायझरवरची पहिली तबकडी 1980 साली तिनेच काढली. हार्दिस लेदिंश (1955–2004) हा शिक्षणाने वास्तुविशारद. तो आणि युरिस बोयको घरीच टेपवर ध्वनिमुद्रण करत. प्रती हातोहात फिरत. 1982च्या त्यांच्या गटाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘कधी न अनुभवलेल्या संवेदनांच्या दुरुस्तीचा कारखाना’!

आता गोंगाट. शेडमध्ये पत्र्यावरून आवाज परततो, सगळे धोटे एकमेकांवर चढतात आणि मोबाइलची ऑटो लेव्हल मोठा-लहान आवाज एकाच पातळीवर आणते. ती बंद करा. मालकाला विचारून दारापासून दहा-पंधरा फुटांवर, तिरके उभे राहा. सर्वांत मोठा ठोका उणे 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ, सलग दहा मिनिटं. वीज गेल्यावर माग मंदावत थांबतात तो आवाज सोडू नका. आपल्याकडे त्याची फार वाट पाहावी लागत नाही.

ध्वनिमुद्रणाचा वेग चौथाईवर आणला की आवाज दोन सप्तकं खाली येतो. पण मूळ फाइलमध्ये जास्तीत जास्त 24 किलोहर्ट्झपर्यंतच (48च्या निम्मं) असतं, ते आता 6वर येतं. त्याच्या वर काहीच उरत नाही. म्हणून सगळं चादरीखालून आल्यासारखं वाटतं. त्यावर कांडीची किंवा एकट्या धोट्याची खटखट मूळ वेगात, अगदी हलकी ठेवा.

लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहणारे तुकडे, 16, 24 आणि 32 सेकंदांचे घेतले तर 96 सेकंदांत तिन्ही पुन्हा एकत्र सुरू होतात आणि कानाला ते कळतं. 17, 23, 29 घ्या. मग ही वेळ 3 तास 8 मिनिटं 59 सेकंदांनी येते. सांध्यावर दोन सेकंद एकमेकांत मिसळा, नाहीतर टक् वाजतं. रिव्हर्बमधून (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टमधून) 250 हर्ट्झच्या खालचं काढून टाका, नाहीतर चिखल होतो.

प्रश्न : या आवाजाखाली अ‍ॅपवरचा तानपुरा लावला, पण तो सतत डुलतो.

उत्तर : दोष तानपुऱ्याचा नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मोटारीची घूं बहुधा 100 हर्ट्झवर असते. तुम्ही पांढरी पाच लावली असणार. तिचा जवळचा स्वर 98 हर्ट्झ. दोघांत फरक दोनाचा, म्हणून सेकंदाला दोन हेलकावे. तानपुरा 35 सेंट चढवा (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर). ध्वनिमुद्रण चौथाई वेगावर असलं तरी हेच प्रमाण चालतं, कारण सप्तक बदललं तरी स्वर तोच राहतो. अर्ध्या-पाऊण वेगाचं मात्र एकच समजू नका : अर्ध्यावर सप्तक बरोबर उतरतं, पाऊण वेगावर शुद्ध मध्यमाएवढी घसरण होते, तेव्हा तानपुरा नव्याने लावावा लागेल.