संगणक सुरू होताच उघडणारी आगंतुक अ‍ॅप्स

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. पासवर्ड टाकताच गाण्यांचे अ‍ॅप, ऑनलाइन बैठकांचे अ‍ॅप आणि मुलाने घातलेल्या गेमचे लाँचर एकामागून एक उघडतात आणि पहिली काही मिनिटे दुसरे काहीच करता येत नाही. ही अ‍ॅप्स काढून न टाकता त्यांचे आपोआप उघडणे थांबवता येईल का? चुकून भलतेच बंद झाले तर संगणक बिघडेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांचा हात तिथेच अडतो. स्टार्टअपच्या यादीत, म्हणजे संगणकाबरोबर आपोआप उघडणाऱ्या अ‍ॅप्सच्या यादीत, एखादे अ‍ॅप ‘डिसेबल’ (बंद) केले, तरी ते संगणकावरून जात नाही, त्यातील माहिती पुसली जात नाही आणि आपण स्वतः उघडल्यावर ते पूर्वीसारखेच चालते. चूक झाल्यास त्याच ठिकाणी ‘एनेबल’ करावे, इतकेच.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्याच्या डाव्या पट्टीत ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ हा विभाग आहे. नको असलेल्या नावावर उजवे क्लिक करून ‘डिसेबल’ निवडावे. (जुन्या लेखांत यासाठी ‘एमएसकॉन्फिग’ हे विंडोजमधील साधन उघडण्याचा सल्ला आढळतो, विंडोज ८ पासून ही यादी टास्क मॅनेजरमध्ये आली आहे, त्यामुळे तो वळसा घेण्याची गरज नाही. शिवाय तिथल्या ‘सर्व्हिसेस’मध्ये, म्हणजे पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत, केलेली खुडबुड खरोखरच महागात पडू शकते.)

याच यादीत ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ नावाचा रकाना आहे. सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ घेणारे किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन करणारे अ‍ॅप तिथे ‘हाय’ ठरते. मात्र केवळ या शेऱ्यावर विसंबून निर्णय घेऊ नये. मी स्वतः प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारतो : मी हे उघडण्याआधीच त्याने काही काम करायला हवे आहे का? गाण्यांचे अ‍ॅप, गेमचे लाँचर आणि बैठकांचे अ‍ॅप या तिन्हींबाबत उत्तर सहसा ‘नाही’ असते. अँटिव्हायरस, टचपॅड आणि ध्वनी यांच्याशी संबंधित नोंदींना हात लावू नये. वनड्राइव्हसारखी क्लाउड सेवा बंद केल्यास आपण ती उघडेपर्यंत फायलींची प्रत वर जात नाही, हे जाणूनच ठरवावे. मराठी टंकलेखनासाठी वेगळे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही बहुधा याच यादीत दिसेल. ते बंद झाल्यावर कळफलक अचानक इंग्रजीतच उमटू लागतो आणि दोष मात्र कळफलकाला दिला जातो.

याच विभागात ‘लास्ट बायोस टाइम’ अशी नोंद दिसल्यास तीही पाहावी. विंडोज सुरू होण्याआधी लागलेले सेकंद तिथे दिसतात. विलंब त्या टप्प्यातच होत असेल, तर अ‍ॅप्स बंद करून फारसा फरक पडणार नाही.

प्रश्न : मी वरील पद्धतीने अ‍ॅप्स बंद केली, तरी दोन अ‍ॅप्स पुन्हा उघडतातच. असे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : प्रथम सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यातील ‘साइन-इन ऑप्शन्स’ येथे जावे. बंद करतेवेळी उघडी असलेली काही अ‍ॅप्स लक्षात ठेवून पुढच्या साइन-इनच्या वेळी ती पुन्हा उघडण्याची सोय तिथे असते. ती चालू असेल, तर स्टार्टअपच्या यादीशी तिचा काही संबंध नसतो. ती वेगळी बंद करावी लागते. दुसरे कारण म्हणजे त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंग्जमधील ‘संगणकाबरोबर सुरू करा’ अशा अर्थाची खूण. ती तशीच राहिली तर अपडेटनंतर अ‍ॅप यादीत पुन्हा नाव नोंदवू शकते, म्हणून दोन्हीकडे बंद करणे चांगले.

एवढ्यानेही भागले नाही, तर अ‍ॅप ‘टास्क शेड्युलर’मधून (ठरलेल्या वेळी कामे सुरू करणारी विंडोजची सोय) किंवा सर्व्हिस म्हणून सुरू होत असण्याची शक्यता आहे. अशा सर्व जागा एकत्र दाखवणारे ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मिळते. त्यात आधी मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडावा आणि नको असलेल्या नोंदीपुढील खूण फक्त काढावी. ‘डिलीट’ करू नये, कारण काढलेली खूण परत करता येते, पुसलेली नोंद सहजी परत येत नाही.