हॅव-हॅज आलं की पुढे समवन येतं की एनीवन?

"प्रेझेंट पर्फेक्टनंतर नेहमी एनीवन, एनीथिंगच येतं असं आमच्या क्लासचे सर सांगतात, हे बरोबर आहे का?" असं तुम्ही विचारलंय. नाही, साफ चूक आहे. हा नियम सरांनी कुठून आणला ते विचाराच, कारण मला तो एकाच माणसाने शिकवला होता आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीला एकदम इंग्रजी. आमच्या पिढीत बहुतेकांचं असंच झालं, कारण तेव्हा प्राथमिकचं सरकारी अनुदान मराठी आणि कोकणी शाळांनाच होतं. इंग्रजी प्राथमिकला ते द्यायचं ठरलं २०११ मध्ये, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला ते गोंयकारांना सांगायला नको. तर बी.कॉम. झाल्यावर कलंगुटला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागलो. पहिलाच सीझन. चार्टर विमानांनी येणारं गिऱ्हाईक, त्यात म्हातारी ब्रिटिश जोडपी जास्त.

एके दिवशी सकाळी दाबोळी विमानतळावर जायची बस दारात, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, काउंटरवर सात-आठ जणांचं चेक-आउट एकदम. हाउसकीपिंगकडून मिनीबार चेकचा, म्हणजे खोलीत ठेवलेल्या विकतच्या खाण्यापिण्यातलं काय संपलं ते सांगणारा, फोन आलेला नाही. मग गेस्टलाच विचारायचं असतं. समोर सत्तरीची एक बाई. मी विचारलं, "हॅव यू टेकन समथिंग फ्रॉम द मिनीबार?"

बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि त्यावरून माझ्याकडे पाहिलं. "डू यू थिंक आय हॅव?"

मी म्हटलं, "नो मॅडम, ओन्ली आस्किंग." तोवर नवऱ्याने पाकीट काढून नोटा काउंटरवर मोजायला सुरुवात केली होती, एकेक नोट, सावकाश, मला दाखवत. तेवढ्यात वरून फोन आला. काजूचं पाकीटसुद्धा जागचं हललं नव्हतं. मॅनेजर मागेच उभा. त्याने बाईंची माफी मागितली, त्यांच्या बॅगा स्वतः बसपर्यंत नेल्या आणि परत येऊन बॅक ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाला, "मराठी मीडियमचो न्हय रे तूं? पर्फेक्ट टेन्स तुका कसो कळटलो?" मग चिठ्ठीवर लिहून दिलं: हॅव असेल तर एनी. ती चिठ्ठी माझ्या मॉनिटरला चिकटवली.

पंधरा दिवसांनी लॉबीत एक गेस्ट ओणवा होऊन सोफ्याखाली हात घालून काहीतरी चाचपत होता. मी चिठ्ठी बघितली आणि आज्ञाधारकपणे विचारलं, "हॅव यू लॉस्ट एनीथिंग?" त्याने तसंच खालून मान वळवून पाहिलं. "व्हॉट डझ इट लुक लाइक?" बायकोचं कानातलं पडलं होतं. नंतर आम्ही दोघांनी मिळून शोधलं, ते सोडा. पण माणूस गुडघ्यांवर येऊन शोधतोय हे दिसत असताना तिथे 'समथिंग' शोभलं असतं. हॅव तर दोन्ही वाक्यांत होतं ना?

म्हणजे काळाचा यात काही संबंध नाही. बघायचं ते बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते. 'हो' असंच उत्तर येणार असं वाटत असेल तर समथिंग, समवन. काहीच धरून चाललो नसू तर एनीथिंग, एनीवन. साध्या होकारार्थी वाक्यात समवनच, 'आय हॅव मेट समवन'. तिथे एनीवन घातलं तर वाक्य लंगडतं. आणि हॅव नॉट किंवा हॅव नेव्हर आलं की एनीवन.

आता मला खरं बोलायचंय ते. मॅनेजर म्हणाला ही मराठी शाळेची चूक. अहो, मराठीत हाच फरक आपण रोज करतो! पाहुण्याला "काही घेतलंत का?" विचारा आणि "काहीतरी घेतलंत का?" विचारा. दुसऱ्यात आपण खिसे तपासायला निघालोय असं वाटतं की नाही? "कोणी आलं होतं का?" ही चौकशी. "कोणीतरी आलं होतं का?" म्हणजे अंगणात चपला दिसल्यात. काही म्हणजे एनीथिंग, काहीतरी म्हणजे समथिंग. शेजारच्या काकूंना मी "काहीतरी घेतलंत का?" असं जन्मात विचारलं नसतं.

मग त्या बाईंना का विचारलं? कारण शब्दार्थाच्या वहीत एनीथिंगसमोर 'काहीही' लिहिलेलं होतं. "काहीही घेतलंत का?" हे मला उद्धट वाटलं, म्हणून सभ्यपणा म्हणून समथिंग निवडलं. वहीत नुसतं 'काही' लिहिलं असतं तर चूक झालीच नसती. मराठी कमी पडली नाही, भाषांतर चुकलं.

मराठी जिथे खरंच पाय ओढते ती जागा वेगळी. "मी कोणालाच सांगितलं नाही" यावरून पोरं 'आय हॅव नॉट टोल्ड नोबडी' लिहितात. प्रमाण इंग्रजीत नकार एकदाच: 'हॅव नॉट टोल्ड एनीबडी', नाहीतर 'हॅव टोल्ड नोबडी'. दुसरं बरोबर आहे, पण जरा ताठ वाटतं. दोन नकार पोर्तुगीजमध्येही सर्रास चालतात, म्हणजे मॅनेजरच्या आजीच्या फाडफाड पोर्तुगीजमध्येसुद्धा. तिला कोणी मराठी मीडियमची म्हणालं नसेल. आणि 'आय हॅव नॉट टोल्ड एव्हरीवन' म्हणजे काहींना सांगितलंय. आपल्या "सगळ्यांना सांगितलं नाही"चे कधीकधी दोन अर्थ निघतात, काहींना नाही किंवा कोणालाच नाही, म्हणून तिथे सांभाळा.

तोच मॅनेजर ड्यूटीच्या वहीत 'आय हॅव इन्फॉर्म्ड समबडी इन हाउसकीपिंग यस्टरडे' असं लिहायचा. यस्टरडे आलं की हॅव जातं, हे तरी पर्फेक्टबद्दल माहीत असावं. मी कधी बोललो नाही, नोकरी होती.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या बाईंना 'टेकन'ही टोचलं असेल. नंतर एका सीनियरने 'हॅव यू हॅड एनीथिंग फ्रॉम द मिनीबार' म्हणायला शिकवलं, त्यावर कोणी चष्मा खाली ओढला नाही. तसंच, प्यायला विचारताना 'समथिंग' उलट अगत्याचं वाटतं, कारण तिथे हो म्हणावं अशीच आपली इच्छा असते.

तुमची परीक्षा असेल आणि गाळलेली जागा हॅवच्या प्रश्नात असेल तर एनी लिहून मोकळे व्हा, मार्क बहुतेक त्यालाच देतात. पण वाक्य होकारार्थी असेल तर सरांचं ऐकू नका.