दुकानाचा हिशोब क्लाउडवर ठेवावा का? वडील म्हणतात आपला डेटा बाहेर जाऊ द्यायचा नाही

तुम्ही लिहिलंय की औषधांच्या होलसेल दुकानासाठी सर्व्हरचं कोटेशन आलंय, मित्र म्हणतो क्लाउड घे, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर इंटरनेटवरून भाड्याने जागा घे, वडील म्हणतात आपला डेटा परक्याच्या मशीनवर कशाला, तर छोट्या धंद्याला क्लाउडचा नक्की फायदा काय. वडिलांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, कारण अगदी हेच मी आमच्या थोरल्या काकांकडून, म्हणजे अण्णांकडून, वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

सांगलीत गणपती पेठेत आमचं किराणा भुसारचं होलसेल दुकान आहे. हिशोब मी बघतो, टॅलीवर. रोज रात्री दुकान बंद करताना बॅकअप आपोआप मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या स्टोरेजवर जाईल अशी सोय मी करून घेतली होती, आणि त्यावरून घरात जेवढी कटकट झाली तेवढी जागेच्या वाटणीवरून पण झाली नव्हती. अण्णांचं म्हणणं एकच, हार्ड डिस्क एकदा विकत घेतली की संपलं, हे दर महिन्याचं भाडं कशाला भरायचं आणि आपली उधारी चार लोकांना का दाखवायची. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने पण त्यांचीच री ओढली.

2005 च्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथे दुकानाच्या खांबावर लाल ऑइलपेंटची रेघ मारलेली आहे. ऑगस्ट 2019 ला पाणी वाढायला लागलं तसं आम्ही साखरेची पोती, काटा, कॉम्प्युटर सगळं त्या रेघेच्या वर रचलं, फळ्या टाकल्या, आणि बॅकअपची हार्ड डिस्क अण्णांनी स्वतःच्या हाताने तिजोरीच्या वरच्या खणात ठेवून कुलूप घातलं. 2005 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 53 फुटांच्या घरात होतं. 2019 ला ते 57 च्या वर गेलं. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर ती लाल रेघ चिखलाच्या थराखाली गेली होती, पुसल्याशिवाय दिसेना. कॉम्प्युटर गेला, तिजोरीतली डिस्क पण गेली. दोन्ही एकाच भिंतीच्या आत होते ना.

मी मिरजेला मेहुण्याकडे जाऊन त्याच्या लॅपटॉपवर टॅली टाकली आणि बॅकअप उतरवून घेतला. पेठेतली लाइट गेली त्याच्या आदल्या रात्रीपर्यंतची सगळी एंट्री होती. जीएसटी रिटर्नची मुदत सरकारने वाढवून दिली होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हताच. प्रश्न होता विम्याच्या सर्व्हेअरचा, कारण तो पहिल्यांदा स्टॉक किती होता आणि खरेदीची बिलं कुठं आहेत हेच विचारतो, भिजून कुजलेली पोती बघून तो आकडा लिहीत नाही. आम्ही त्याला पार्टीवार खरेदी आणि स्टॉक प्रिंट काढून दिला. शेजारच्या व्यापाऱ्याची वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चिखलात गेले होते, आणि जत, कवठेमहांकाळकडच्या गिऱ्हाइकांकडे किती येणं आहे ते त्याला एकेकाला फोन करून विचारायला लागलं. चांगल्या लोकांनी खरं सांगितलं. सगळेच चांगले नसतात.

एवढं होऊनसुद्धा अण्णा म्हणतात, "पेनड्राइव्ह खिशात टाकून आलो असतो तरी भागलं असतं." नसतं भागलं अण्णा. त्या रात्री काकूला उचलून ट्रॅक्टरमध्ये बसवायची घाई होती, पेनड्राइव्ह कुणाच्या ध्यानात राहणार. जो बॅकअप माणसाच्या आठवणीवर चालतो तो नेमका संकटात चुकतो, हे माझं ठाम मत आहे आणि ते मी मरेपर्यंत बदलणार नाही.

आता तुमचा प्रश्न. ॲमेझॉनने 2006 ला एस-थ्री (फाइल साठवायची सेवा) आणि ईसी-टू (भाड्याचं मशीन) आणलं तेव्हापासून साठवण आणि मशीन दोन्ही भाड्याने घ्यायची सोय आहे, जेवढं वापराल तेवढं बिल. एस-थ्रीच्या स्टँडर्ड प्रकारात तुमची फाइल एका रीजनमधल्या, म्हणजे कंपनीची डेटा सेंटर्स असलेल्या एका भागातल्या, किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली जाते, हे दुकानातला कुठलाच सर्व्हर करू शकत नाही. मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर पुण्यात 2015 पासून आणि ॲमेझॉनचं मुंबईत 2016 पासून आहे, त्यामुळे डेटा परदेशात जातो ही भीती सोडा, फक्त घेताना भारतातलं रीजन निवडा. पुरानंतर आम्ही टॅलीसुद्धा भाड्याच्या सर्व्हरवर नेली, आता गोडाऊनमधला पोरगा आणि मी एकाच वेळी एंट्री करतो, आणि सीएंना फाइल मेल करायची भानगड राहिली नाही. तुमच्या धंद्यात बॅच नंबर, एक्स्पायरी, कंपनीला परत पाठवायच्या मालाची बिलं, हे सगळं गेलं तर किराण्यापेक्षा वाईट हाल होतील.

आणि तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर वडिलांना हे पण सांगा की कंपन्यांच्या हिशोबाच्या नियमांतल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर हिशोबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा नियमच आहे. प्रोप्रायटरी किंवा भागीदारीला तो लागू नाही.

हां, क्लाउड घेतलं म्हणजे निर्धास्त असं पण नाही. मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा डेटा गेला. 2024 ला ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची मांडणी चुकून डिलीट झाली, ते वाचले ते वेगळ्या ठेवलेल्या कॉपी होत्या म्हणून, त्यात दुसऱ्या कंपनीकडची पण होती. त्यामुळे क्लाउडवर धंदा चालवत असाल तर एक कॉपी दुसरीकडे हवीच, आणि इथे अण्णांची हार्ड डिस्क पण चालेल. नुसतं सिंक, म्हणजे फाइल बदलली की तीच आपोआप वर चढणं, म्हणजे बॅकअप नाही, व्हायरसने फाइल बिघडवली तर बिघडलेलीच वर जाते, जुन्या आवृत्त्या ठेवायची सेटिंग चालू करून घ्या. पासवर्डसोबत ओटीपी पाहिजेच. भाड्याचं मशीन रात्री बंद ठेवलं तर तासाचं भाडं वाचतं, डिस्कचं मात्र लागतंच. आणि नेट अगदीच रडकं असेल तर काउंटरचं बिलिंग दुकानातच ठेवा, फक्त बॅकअप वर पाठवा.

सर्व्हर घ्यायचाच झाला तर घ्या, पण कोटेशनमध्ये दुकानाबाहेरचा रोजचा बॅकअप लिहिलाय का ते बघा, आणि पैसे द्यायच्या आधी त्या माणसाला तुमच्या घरच्या लॅपटॉपवर मागच्या आठवड्याचा हिशोब उघडून दाखवायला लावा, वडिलांना शेजारी बसवून.