पहिल्या मुलाखतीआधी

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या मानसोपचार दवाखान्यात आता लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) रुग्णांच्या पहिल्या मुलाखती तू घेशील. जन्म कुठला आणि अमेरिकेत येऊन किती वर्षं झाली, हे सुरुवातीलाच विचार. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेस्नो काउंटीच्याच पाहणीत मेक्सिकोत जन्मलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार झाल्याचं आढळलं. अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकन-अमेरिकनांत ४८ टक्के. मुक्काम लांबतो तसं प्रमाणही वाढतं. म्हणून स्थलांतरित म्हणजे आधीच खचलेला, असं धरून चालू नकोस. त्याच्या इथे वाढलेल्या मुलांचीही चौकशी कर. प्वेर्तो रिकोच्या लोकांत मात्र हा फरक फारसा दिसत नाही.

व्हिसा-कागदपत्रांचं विचारू नकोस. कुणी आपणहून सांगितलं तरी गरजेशिवाय फाइलमध्ये लिहू नकोस. त्या धास्तीने माणूस परत येत नाही.

घरच्या मुलाला दुभाषी करू नकोस, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या, गुण देऊन मोजायच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. दहा वर्षांचं पोर तो आईला कसा विचारणार? ते प्रश्न गाळतं, नाहीतर आई त्याच्यादेखत ‘नाही’ म्हणते, आणि गुणांची बेरीजच फसते. प्रशिक्षित दुभाषी माग. बोलताना नजर रुग्णाकडे ठेव, एका वेळी एक-दोनच वाक्यं बोल. ग्वातेमालाच्या कित्येकांची मायबोली स्पॅनिश नसून माम किंवा किचे असते, तेही आधी विचारून घे.

‘अटाके दे नेर्व्हिओस’, म्हणजे लॅटिनो लोकांत ओळखला जाणारा ‘नसांचा झटका’, तुला भेटेलच. घरात मृत्यू, मोठं भांडण, कुणाला पकडून नेल्याची बातमी. त्यापाठोपाठ थरथर, आरडाओरडा, छातीतून डोक्याकडे चढणारी उष्णता, कधी शुद्ध हरपणं. पॅनिक अटॅक बऱ्याचदा ध्यानीमनी नसताना येतो. अटाकेमागे बहुधा ताजा प्रसंग असतो आणि नंतर अनेकांना मोकळं वाटतं. आपल्याकडच्या अंगात येण्याशी त्याची सांगड घालू नकोस. फिट किंवा हृदयविकार नाही, याची डॉक्टरांकडून खात्री करून घे. असे झटके वारंवार येत असतील तर नैराश्य आणि जुने आघात तपासायलाच हवेत.

नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर एकूण गुण दहाच्या खाली असले तरी त्याच बैठकीत सविस्तर विचारपूस कर. ९८८ हा आत्महत्येच्या विचारांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक रुग्णाच्या फोनमध्ये साठवून दे, स्पॅनिशसाठी २ दाबायचं हे दाखव, आणि मगच त्यांना घरी जाऊ दे.