झोपेत ओले होणारे अंथरूण

प्रश्न : माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. दिवसा त्याला काहीच त्रास नाही, परंतु आठवड्यातून चार-पाच रात्री तो अंथरूण ओले करतो. सलग एक महिना कोरडा गेल्याचे मला आठवत नाही. रात्री साडेअकराला मी त्याला उठवून लघवीला नेते, तरी पहाटे गादी भिजलेलीच असते. रागावून झाले, बक्षिसाचे आमिष दाखवून झाले. घरातील मंडळी याला आळस म्हणतात. शाळेच्या मुक्कामी सहलीला जायलाही तो आता नकार देतो. तो हे मुद्दाम करतो का? औषध द्यावे का?

उत्तर : मुद्दाम नाही, आणि आळसही नाही. आपण लघवी करीत आहोत हे गाढ झोपेतल्या मुलाला कळतच नसते, त्यामुळे रागावण्याचा उपयोग होत नाही. पाच वर्षांच्या सुमारे १५ टक्के मुलांच्या बाबतीत असे घडते, मुलग्यांमध्ये अधिक. आणि पुढे दरवर्षी त्यांपैकी साधारण १५ टक्के मुले कोणत्याही उपचाराविना कोरडी राहू लागतात. तुम्हा दोघांपैकी कोणाला लहानपणी हा त्रास होता का, हे एकदा आठवून पाहा. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के आणि दोघांनाही असेल तर सुमारे ७७ टक्के असते. ही गोष्ट घरात बहुधा कोणी बोलत नाही. पण ‘मलाही होत असे’ एवढे वडिलांनी किंवा आईने सांगितले, तर मुलाची शरम पुष्कळ कमी होते.

आता घडते काय ते पाहू. रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक अधिक स्रवते आणि त्यामुळे मूत्रपिंडे लघवी कमी तयार करतात. काही मुलांत ही वाढ पुरेशी होत नाही. सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण २४० मिलिलीटर लघवी मावते. काहींच्या त्याहून कमी. मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूला गेल्यावर इतर मुले जागी होतात, तुमच्या मुलासारखी मुले होत नाहीत, आणि दुखणे खरे येथेच आहे. साडेअकराला तुम्ही त्याला उठवता तेव्हा तो तुमच्या हाकेने उठतो, भरलेल्या मूत्राशयामुळे नव्हे. म्हणून त्यातून त्याचा मेंदू काहीच शिकत नाही. यात अपाय नाही, एखादे वेळी चादर वाचेल, पण उपचार म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

बद्धकोष्ठतेकडे मात्र आवर्जून लक्ष द्यावे. साचलेल्या मळाचा दाब मूत्राशयावर पडतो, आणि मुलाला शौचाला कडक होते की दिवसाआड होते, हे या वयात आईवडिलांना सहसा ठाऊक नसते. केवळ पोट नियमित साफ होऊ लागल्याने काही मुलांचे अंथरूण कोरडे राहू लागते. दिवसभर पाणी भरपूर द्यावे, संध्याकाळनंतर कमी करावे, चहा-कॉफी व कोलासारखी पेये टाळावीत आणि झोपण्यापूर्वी लघवी करवून घ्यावी. बक्षीस द्यायचेच तर झोपण्यापूर्वी आठवणीने लघवीला जाण्याबद्दल द्यावे, कोरड्या रात्रीबद्दल नव्हे. कारण रात्र कोरडी जाणे त्याच्या हाती नाही.

एवढ्याने भागले नाही, तर अलार्म हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. चड्डीत बसवलेला सेन्सर ओलाव्याच्या पहिल्या थेंबांना वाजतो. पहिले काही आठवडे मुलाऐवजी घरातले सगळे जागे होतील. त्या वेळी तुम्हीच त्याला पूर्ण जागे करून लघवीला न्यायचे असते. सलग १४ कोरड्या रात्री मिळेपर्यंत हे चालू ठेवावे, ज्याला दोन-तीन महिने लागू शकतात. सुमारे दोन-तृतीयांश मुलांना याचा गुण येतो. डेस्मोप्रेसिनची गोळी रात्रीची लघवी कमी करते, पण बंद केल्यावर त्रास बहुधा परततो. सहलीसाठी ती सोयीची आहे. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने, काही दिवस आधी घरी देऊन पाहावी. गोळीच्या एक तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत पाणी अगदी मोजके द्यावे, नाहीतर रक्तातील सोडियम घटून झटके येण्याचा धोका असतो.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी चौथ्या वर्षापासून रात्री कोरडी असे. गेल्या तीन आठवड्यांपासून ती पुन्हा अंथरूण ओले करते. घरात धाकटे बाळ आले आहे. हा मत्सराचा परिणाम असावा का?

उत्तर : असू शकेल, पण तो निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले, तर प्रथम शारीरिक कारण शोधावे लागते : मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, घोरणे आणि मधुमेह. लघवीची तपासणी या आठवड्यातच करून घ्यावी. मुलगी वारंवार पाणी मागत असेल, रात्री पाण्यासाठी उठत असेल किंवा वजन घटले असेल, तर आजच डॉक्टरांना दाखवून रक्तातील साखर पाहावी. लघवीला जळजळ होणे, दिवसाही कपडे ओले होणे किंवा चालण्यात फरक पडणे हेही डॉक्टरांना न विसरता सांगावे. तपासण्या स्वच्छ निघाल्यावर बाळाचा विषय घ्यावा, आणि तोही तिला प्रश्न विचारून नव्हे, तर रोज थोडा वेळ फक्त तिच्याबरोबर घालवून.